ऑपरेशन छान झालं, पण बाबा असं का बोलतायत?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्त्या आपल्याच 'बी' विंगमधील रहिवासी असून निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



"तब्येतीवर काहीतरी बोला" असं कमिटीने सांगितलं तेव्हा तरुण सभासदांनी लगेच मधुमेह हा विषय सुचवला. मधुमेहावर या हॉलमध्ये पुष्कळ भाषणं झाली आहेत आणि प्रत्येक भाषणानंतर जिलबी वाटली गेली आहे. तेव्हा तो विषय मी सोडून दिला. मी जो विषय घेतला आहे तो मला लिफ्टने दिला. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या चार विंगमधल्या इतक्या जणांनी मला लिफ्टमध्ये थांबवून एकच प्रश्न विचारलाय की तो आता मला पाठ झालाय: "डॉक्टर, ऑपरेशन छान झालं म्हणतात, पण दुसऱ्या रात्रीपासून आई काहीतरीच बोलतेय. डोक्यावर परिणाम झाला का हो?"

पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा जिन्याखाली मुलांच्या सायकली असायच्या. आता तिथे वॉकर आणि व्हीलचेअर आहेत. महिन्याला एखादं तरी गुडघ्याचं, प्रोस्टेटचं नाहीतर बायपासचं ऑपरेशन आपल्याकडे असतंच, आणि पावसाळ्यात कुणीतरी बाथरूममध्ये घसरून खुबा मोडून घेतं. शस्त्रक्रिया आता खूप सुधारली आहे. ऐंशीच्या माणसालाही आम्ही निर्धास्तपणे भूल देतो. पण माणूस टेबलावरून सुखरूप उतरतो आणि दोन दिवसांनी घरच्यांना ओळखेनासा होतो, या प्रकाराबद्दल घरच्यांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही घेताना जिवाचा धोका सांगतात, रक्तस्रावाचा सांगतात, हे बहुतेक वेळा राहून जातं.

हे दिसतं कसं, ते आधी सांगते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ, आयुष्यभर बँकेत काम केलेले, हिशेबाला पक्के. खुब्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या रात्री अकरा वाजता उठून बसले आणि "माझी छत्री कुठाय, लोकल चुकेल" म्हणायला लागले. चादरीवरून काहीतरी वेचत होते. सलाईनची सुई ओढून काढली. सून चहा द्यायला गेली तर "यात काय कालवलंयस?" असं विचारलं. ती बिचारी जिन्यात बसून रडली. सकाळी सात वाजता हेच गृहस्थ पेपर मागून घेऊन शांतपणे वाचत होते. मुलगा म्हणाला, "बघा, आता बरे आहेत, रात्री मुद्दाम करतात." संध्याकाळी पुन्हा तेच.

मुद्दाम कुणी करत नाही. दिवसात कमी-जास्त होणं हीच या आजाराची खूण आहे. याला डिलिरियम म्हणतात. मेंदूचं लक्ष ठेवण्याचं काम अचानक, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत विस्कळीत होतं. माणसाला कुठे आहोत, किती वाजले, समोर कोण आहे, याचा धागा सापडत नाही. नसलेली माणसं दिसतात, साधी दोरी साप वाटते. आपल्या आजीच्या वेळी "तापात वात झालाय, बरळतोय" असं म्हणायचे. वैद्य सन्निपात म्हणायचे. म्हणजे आपल्या भाषेला हा प्रकार जुना ओळखीचा आहे. हे वेड नव्हे, भूतबाधा नव्हे, आणि म्हातारपणचा स्मृतिभ्रंशही नव्हे. स्मृतिभ्रंश महिनोन् महिने, हळूहळू येतो. हा एका रात्रीत येतो. मात्र ज्यांना आधीपासून विसराळूपणा आहे त्यांना हा लवकर गाठतो, हे खरं.

आणखी एक प्रकार आहे, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. आरडाओरडा करणारा रुग्ण निदान सगळ्यांच्या लक्षात येतो. पण काही जण, विशेषतः ऐंशीच्या पुढच्या बायका, नुसत्या गप्प पडून राहतात. हाक मारली की डोळे उघडतात, "हं" म्हणतात, पुन्हा मिटतात. घास तोंडात तसाच राहतो. शेजारच्या कॉटवरचे म्हणतात, "तुमच्या आजी किती शांत आहेत हो, काही त्रास नाही!" हाही डिलिरियमच. शांत प्रकारचा. तो ओळखायलाच उशीर होतो, म्हणून त्याचे परिणाम वाईट होतात. तेव्हा आई "छान झोपतेय" असं वाटलं तर तिला उठवून दोन वाक्यं बोलून बघा. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. नेहमी जमणाऱ्या माणसाची गाडी मधेच अडकत असेल, तर लक्ष हलतंय असं समजा आणि सिस्टरना सांगा.

किती जणांना होतं? ठरवून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियांनंतर वयस्कर रुग्णांपैकी साधारण १५ ते २५ टक्क्यांना. खुब्याचं हाड मोडून आलेले किंवा हृदयाचं ऑपरेशन झालेले घेतले तर पन्नास टक्क्यांपर्यंत. मोतीबिंदूसारख्या छोट्या कामात क्वचितच. आणि "दोन दिवसांत उतरेल, सोडून द्या" असं म्हणण्यासारखं हे नाही. अशा रुग्णाचा मुक्काम लांबतो, तो कॉटवरून पडतो, अंथरुणाला खिळला तर जखमा आणि न्यूमोनिया येतो, आणि काहींची स्मरणशक्ती पुढे वर्षभर पहिल्यासारखी होत नाही. घरी चालत जाणारा माणूस घरी उचलून न्यावा लागतो. म्हणून एवढा वेळ घेतेय.

का होतं? एकच कारण शोधू नका, सापडणार नाही. वयानुसार मेंदूची शिल्लक कमी झालेली असते. त्यात ऑपरेशनमुळे सगळ्या शरीरात सूज आणणारी रसायनं सुटतात. मग वेदना, रात्रीची मोडलेली झोप, कमी पडलेलं पाणी, तुंबलेली लघवी, चार दिवस न झालेलं पोट, कमी झालेलं सोडियम, एखादं चुकीचं औषध, काढून ठेवलेला चष्मा, असे छोटे छोटे धक्के एकावर एक बसतात. पन्नाशीतला माणूस हे सगळं पचवतो. अठ्ठ्याहत्तरीतल्या माणसाला शेवटचा एक धक्का पुरतो. आणि मग घरचे त्या शेवटच्या धक्क्यालाच दोष देतात: "ते इंजेक्शन दिलं आणि झालं."

चष्म्याचा उल्लेख मी उगाच केला नाही. इथे पंच्याहत्तरीच्या पुढचे बरेच जण आहेत, त्यांना आठवत असेल, पूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, डोक्याच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून रुग्णाला दिवसच्या दिवस उताणं झोपवून ठेवत. त्यातले काही म्हातारे रात्री भ्रमिष्टासारखे करायचे. भूल तर फक्त डोळ्यापुरती दिलेली. मग कशाने? दिसत नाही, हलता येत नाही, दिवस की रात्र कळत नाही, यानेच. एका डोळ्यावरची पट्टी काढली की पुष्कळ जण ठिकाणावर येत. इंग्रजी वैद्यकात या प्रकाराला काळ्या पट्टीचा भ्रम असंच नाव पडलं होतं. आता आपल्या आयसीयूचा विचार करा. खिडकी नाही, चोवीस तास दिवे, सतत वाजणारी यंत्रं, चष्मा घरच्यांच्या पिशवीत, कानातलं यंत्र डबीत, कवळी रुमालात गुंडाळून कुठेतरी. आपण पट्टी काढली आणि दुसऱ्या रीतीने पुन्हा बांधली.

याच विचारातून अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॉ. शॅरन इनौये यांनी एक अगदी साधा कार्यक्रम आखला. १९९९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. सत्तर आणि त्यावरच्या वयाचे ८५२ रुग्ण. निम्म्यांना नेहमीची सेवा. निम्म्यांना त्याशिवाय सहा गोष्टी: वेळ-स्थळाची आठवण देत राहणं, रात्री गोळीशिवाय झोप लागेल अशी व्यवस्था, लवकर चालवणं, चष्मा, ऐकू येण्याची सोय आणि पुरेसं पाणी. नेहमीच्या सेवेत १५ टक्क्यांना डिलिरियम झाला, या गटात ९.९ टक्क्यांना. ते रुग्ण ऑपरेशनचे नव्हते, औषधोपचाराच्या वॉर्डातले होते. पण पुढे शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्येही असेच अनुभव आले. त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, ती मला जास्त महत्त्वाची वाटते: एकदा डिलिरियम सुरू झाल्यावर या उपायांनी त्याची तीव्रता विशेष कमी झाली नाही. जे काही करायचं ते आधी करायचं.

आणि आपल्याला जवळचा वाटेल असा अभ्यास चीनमधला आहे. तिथेही आपल्यासारखंच, रुग्णाजवळ घरचं माणूस बसतं. चेंगडूच्या वेस्ट चायना हॉस्पिटलमध्ये सत्तरीच्या पुढच्या २८१ शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर तो झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नर्सनी घरच्यांना शिकवलं आणि घरच्यांनी ही कामं केली. नेहमीच्या गटात १९.४ टक्क्यांना डिलिरियम झाला, घरच्यांना सामील केलेल्या गटात २.६ टक्क्यांना. मी पुन्हा सांगते, यात नवं औषध नव्हतं. मुलगी, मुलगा, नवरा, बायको, एवढेच होते. आपल्याकडे कॉटशेजारच्या स्टुलावर बसलेलं माणूस मोबाइल बघत बसतं, कारण त्याला काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून आता तेच सांगते.

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तपासणी करतो. या तपासणीला लोक औपचारिकता समजतात आणि "सगळं नॉर्मल आहे" म्हणून मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या, खरोखर सगळ्या, एका पिशवीत घालून न्या. त्यात रात्रीची अल्प्राझोलामची गोळी असते, जी पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी आठ दिवसांसाठी लिहून दिलेली असते आणि मेडिकलवाला ओळखीचा म्हणून आजही चालू असते. ही गोळी मेंदूला गुंगी आणते आणि एकदम बंद केली तरी भ्रम होतो. म्हणजे चालू ठेवली तरी पंचाईत, तोडली तरी पंचाईत. ते डॉक्टरला काही आठवडे आधी कळलं तर तो मार्ग काढतो. तुम्ही स्वतःच्या मनाने बंद करू नका. सर्दीच्या, खाजेच्या जुन्या गोळ्या, अ‍ॅव्हिल, फेनर्गन यांसारख्या, वयस्कर मेंदूला मानवत नाहीत. बीपीची पाणी काढणारी गोळी असेल तर सोडियम तपासलेलं असावं. काढे, चूर्ण, तेही पिशवीत घाला. डॉक्टर हसला तर हसू दे.

आता थोडं अवघड. रोजचे दोन पेग असतील तर ते सांगा. सुनेसमोर सांगायचं नसेल तर तिला बाहेर बसवा, पण सांगा. रोज घेणाऱ्याची दारू हॉस्पिटलमध्ये एकदम सुटली की दोन ते चार दिवसांत हातपाय थरथरतात, घाम सुटतो, भ्रम होतो, आणि तो जिवावर बेततो. भूलतज्ज्ञाला आधी माहीत असेल तर हे टाळता येतं. बायकांच्या बाबतीत मशेरीचं तसंच. "आमची आई काहीच घेत नाही" असं मुलगा छातीठोकपणे सांगतो आणि आईच्या बटव्यात डबी असते. तंबाखू तुटल्यावरही चिडचिड, अस्वस्थपणा येतो. मी तपासणीच्या खोलीत नेहमी मुलाला पाणी आणायला पाठवायचे आणि मग विचारायचे.

उपाशी ठेवण्याबद्दल आपल्याकडे फार जुनी समजूत आहे: रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही. आणि ऑपरेशन होतं दुपारी दोनला! तोवर म्हातारं माणूस सुकून जातं. आजची शिफारस अशी आहे की बहुतेक रुग्णांना साधं पाणी भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध, दुधाचा चहा, नाश्ता यांना मात्र किमान सहा तासांचं अंतर लागतं. काहींचं पोट सावकाश रिकामं होतं, त्यांना वेगळा नियम लागतो. म्हणून स्वतः ठरवू नका, पण "पाणी कधीपर्यंत देऊ?" हा प्रश्न तोंडाने विचारा. विचारलं की उत्तर मिळतं.

ऑपरेशननंतर पहिलं काम चष्मा, कानातलं यंत्र आणि कवळी. या तिन्ही वस्तू आत नेताना काढून घेतात, ते बरोबरच आहे. पण शुद्धीवर आल्यावर त्या परत लागल्या पाहिजेत. नाव लिहिलेली एक डबी करा आणि रिकव्हरीतल्या सिस्टरच्या हातात द्या. आयसीयूत भेटीची वेळ दहा मिनिटं असेल तर त्या दहा मिनिटांत बाकी काही नको, एवढं करा. आणि जवळ जाऊन आपलं नाव सांगा.

हे नाव सांगणं फार महत्त्वाचं. आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण कॉटपाशी वाकून विचारतो, "ओळखलंत का मला?" संध्याकाळी पाच ते सात या वेळात चौदा माणसं येतात आणि चौदा जण परीक्षा घेतात. ज्या माणसाचा धागाच सुटलाय त्याला याची लाज वाटते, मग तो घाबरतो, मग चिडतो. त्याऐवजी म्हणा, "काका, मी तुमची धाकटी पुतणी, नाशिकची. आज गुरुवार आहे, संध्याकाळचे सहा वाजलेत. तुमचं खुब्याचं ऑपरेशन परवा झालं, छान झालं." उत्तर त्यांच्या हातात ठेवा. समोर दिसेल असं घड्याळ ठेवा. घरचं कालनिर्णय न्या, झालेल्या दिवसांवर फुली मारा. आपल्या बऱ्याच हॉस्पिटलांत सिस्टर केरळच्या असतात, मायेने करतात, पण घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला फक्त घरची भाषा कळते. मराठी कानावर पडू द्या, मालवणी असेल तर मालवणी, अहिराणी असेल तर अहिराणी.

न्यू जर्सीतल्या मुलाचा व्हिडिओ कॉल जरूर लावा, पण दिवसा, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून, आणि रोज एकाच वेळी. रात्री साडेदहाला तिकडे दुपार असते म्हणून लावलेला कॉल इकडची झोप मोडतो. त्यानेच गजर लावून उठावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

झोपेबद्दल नातेवाईकच सगळ्यात जास्त घोळ घालतात. "सिस्टर, रात्रभर जागे आहेत, काहीतरी इंजेक्शन द्या ना." या मागणीने सुरुवातीचा छोटा भ्रम मोठा होतो. दिवसा खिडकीचा पडदा उघडा, खुर्चीत बसवा. रात्री दिवा मंद करा, टीव्ही बंद, कोमट दूध चालत असेल तर द्या, तळपाय चोळा. सिस्टरना विनंती करून बघा की बीपी आणि औषधं एकाच फेरीत घ्या. कधी ऐकतात, कधी नाही.

वेदना लपवू देऊ नका. आपली जुनी माणसं "सोसवतंय" म्हणतात. न सोसणारी वेदना भ्रम आणते, आणि ती घालवायला दिलेली कडक औषधं जास्त झाली तरी भ्रम आणतात. साधं पॅरासिटामॉल वेळेवर, घड्याळाप्रमाणे दिलेलं चांगलं असतं. खुब्यासाठी नसेजवळ बधिर करायचं इंजेक्शन देता येतं का, ते विचारा. लघवीची नळी कधी काढणार, हे रोज राउंडला विचारा. पोट साफ झालं का, हे पाहा. आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की दुसऱ्या दिवसापासून उभं करा, चालवा, तीन वेळा. "विश्रांती घेऊ दे बिचारीला" ही माया घातक आहे.

एवढं करूनही भ्रम झालाच तर? होतो, कधी कधी. वाद घालू नका. लोकल चुकेल म्हणाले तर "कुठली लोकल, तुम्ही रिटायर होऊन वीस वर्षं झाली" असं म्हणू नका, हात धरा, म्हणा, "मी आहे बरोबर, आधी पाणी पिऊ." हात बांधू देऊ नका, बांधलेला माणूस आणखी भडकतो आणि इजा करून घेतो. बांधण्यापेक्षा कुणीतरी शेजारी बसणं बरं. आणि डॉक्टरना एक वाक्य नेमकं सांगा: "परवापर्यंत हे असे नव्हते." वयामुळे आहे असं उत्तर आलं तर तेच वाक्य पुन्हा सांगा. वय परवाही तेवढंच होतं. मग सोडियम, साखर, ऑक्सिजन, लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, नव्याने सुरू झालेलं औषध, हे तपासायला सांगा. डिलिरियम ही बहुतेकदा आत काहीतरी बिघडल्याची पहिली वर्दी असते, तापाच्याही आधी येणारी.

घरी आल्यावरही काही दिवस, काहींना काही आठवडे लागतात. या काळात बँकेच्या, घराच्या, कशाच्याही कागदावर त्यांची सही घेऊ नका. हे मी सोसायटीच्या हॉलमध्ये उभी राहून मुद्दाम बोलतेय. आणि ते जे बोलले ते मनात ठेवू नका. त्या सुनेला मी जिन्यातच हे सांगितलं होतं. पुष्कळ रुग्णांना त्यातलं थोडंफार आठवतं आणि ते मनातून शरमलेले असतात. कुणीतरी स्वतःहून म्हणावं लागतं, "तो आजार होता, ते तुम्ही नव्हता."

आता तुमचे प्रश्न घेते. चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, तीन घेते.

पहिली: "पूर्ण भूल न देता कमरेत इंजेक्शन घेतलं तर हे टळतं का?" असं आम्हालाही वर्षानुवर्षं वाटत होतं. अमेरिका आणि कॅनडात खुब्याच्या १६०० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०२१ मध्ये छापून आली. दोन्ही गटांत डिलिरियम साधारण वीस टक्के, काही फरक नाही. चीनमधल्या दुसऱ्या चाचणीतही तसंच. तेव्हा कुठली भूल हे हृदय, फुप्फुस, पाठीचा कणा पाहून भूलतज्ज्ञाला ठरवू द्या. शेजारच्यांना कमरेतून दिली होती म्हणून हट्ट धरू नका.

दुसरी: "आधीपासून एखादी गोळी किंवा ब्राह्मी सुरू केली तर?" प्रतिबंधासाठी खात्रीने चालणारी गोळी आज आमच्याकडे नाही. ब्राह्मीने हे टळतं असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. घेत असाल तर पिशवीत घाला, एवढंच.

तिसरी चिठ्ठी निनावी आहे. "मी एकटी राहते. मुलगा परदेशात. माझ्याजवळ कोण बसणार?"

या चिठ्ठीसाठीच खरं तर मी हा विषय घेतला. ब्यूरोची बाई मिळते, तिचे पैसे मुलगा पाठवतो, पण परवापर्यंत तुम्ही कशा होतात हे तिला ठाऊक नसतं. ते तुमच्या मजल्यावरच्या माणसांना ठाऊक असतं. भजनी मंडळातल्या बायकांना असतं. गणपतीत आपण रात्रीच्या पाळ्या लावतोच की मांडवात. तशा दोन-दोन तासांच्या पाळ्या, पहिल्या तीन दिवसांपुरत्या, लावता येतात. 'सी' विंगने गेल्या वर्षी एका आजींसाठी त्या लावल्या होत्या, कुणी ठराव केला नव्हता. आता कमिटीने यादी करायचं मान्य केलंय. बसणाऱ्याला काय सांगायचं त्याचा अर्धा कागद मी तयार केलाय: तुमचं लाडकं नाव, चष्म्याचा नंबर, कुठल्या कानाला यंत्र, रोजच्या गोळ्या, किती वाजता झोपता, चहात साखर किती, कुणाला फोन करायचा. एकट्या राहणाऱ्यांनी तो आजच भरून एक प्रत शेजारी आणि एक सोसायटीच्या ऑफिसात द्यावी. कोरे कागद दारापाशी टेबलावर ठेवलेत, जाताना घ्या. अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय.